ड्युअल बूट अडलं? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

लॅपटॉप सुरू केला आणि सिस्टिम निवडायच्या नेहमीच्या यादीऐवजी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ (ग्रब म्हणजे लिनक्ससोबत येणारा, सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) एवढीच अक्षरं दिसली, की पहिला प्रश्न येतो: डेटा गेला का? बहुतेक वेळा नाही. फोटो, प्रोजेक्ट, हिशेबाच्या फायली जिथल्या तिथे असतात, त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी वाट तेवढी तुटलेली असते. खरं नुकसान होतं ते त्यानंतर घाबरून केलेल्या उपायांनी. कुणीतरी सांगतं, ‘फॉरमॅट मारून टाक’, आणि शाबूत होतं तेही पुसलं जातं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट संपल्यावर अनेकांनी जुन्या मशीनवर विंडोजशेजारी उबुंटू किंवा मिंट ही लिनक्स सिस्टिम टाकली; एकाच मशीनवरच्या अशा दोन सिस्टिमना ड्युअल बूट म्हणतात. त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितो आहे.

दुरुस्तीला हात घालण्याआधी उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करताही उबुंटू चालवता येतं असा पेनड्राइव्ह) मशीन सुरू करा, ‘ट्राय उबुंटू’ निवडा आणि महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

मशीन कसं बूट होतं हे न बघताच कमांड चालवणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर दोन पद्धतींचं असतं: जुनं बायॉस आणि नवं यूईएफआय. बायॉस पद्धतीत बूटची (सिस्टिम सुरू होण्याची) सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमधून होते. ती जागा एकच, त्यामुळे शेवटी जी सिस्टिम टाकली तिचा लोडर (ती सुरू करणारा प्रोग्राम) तिथे बसतो. यूईएफआय पद्धतीत तसं नसतं. तिथे फॅट३२ची एक छोटी ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) असते (विंडोजने बनवली असेल तर बहुधा १०० एमबीची). तिच्यात मायक्रोसॉफ्टचं फोल्डर वेगळं, उबुंटूचं वेगळं, आणि आधी कुणाला हाक मारायची तो क्रम मदरबोर्डच्या मेमरीत लिहिलेला असतो.

हा फरक लक्षात आला की जिथेतिथे सुचवला जाणारा ‘बूटरेक फिक्सएमबीआर’ (पहिल्या सेक्टरमध्ये विंडोजचा कोड लिहिणारी कमांड) हा उपाय डोळे मिटून का करू नये ते कळतं. यूईएफआय मशीनवर त्याने काहीच दुरुस्त होत नाही. बायॉस मशीनवर तो ग्रब पुसून विंडोजचा लोडर बसवतो, म्हणजे चांगलं चालणारं लिनक्सही दिसेनासं होतं. विंडोज सुरू होत असेल तर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायॉस मोड’ची ओळ वाचा. तिथे यूईएफआय लिहिलं असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हसुद्धा यूईएफआयमध्येच बूट करा. लेगसीमध्ये (जुन्या बायॉस पद्धतीने) बूट करून ग्रब बसवायला गेलात तर तो भलत्याच जागी जाऊन बसतो.

विंडोज अपडेटनंतर ग्रब दिसेना, म्हणून लिनक्स पुन्हा टाकणं

अशा वेळी उबुंटू बहुधा जागेवरच असतं, फक्त क्रमात विंडोज पुढे आलेलं असतं. मशीन सुरू होताना बूट मेन्यूची की दाबा: डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. यादीतून उबुंटू निवडल्यावर ते सुरू झालं, तर मशीनच्या बायॉस/यूईएफआय सेटअपमध्ये जाऊन बूटच्या क्रमात त्याला वर आणा. काम संपलं.

लिनक्स नको म्हणून त्याची पार्टिशन थेट उडवणं

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक, डिलीट, आणि पुढच्या वेळी ‘नो सच पार्टिशन’. ग्रबचा पहिला तुकडा लिनक्स पार्टिशनच्या बाहेर असतो, पण त्याची सेटिंग्ज आणि मॉड्यूल आत असतात. आतला भाग गेला की बाहेरचा तुकडा अडून बसतो. विंडोजला धक्काही लागलेला नसतो. यूईएफआय मशीनवर बूट मेन्यूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा आणि सेटअपमध्ये त्यालाच पहिलं करा. मशीन बायॉसचं असेल आणि लिनक्स खरंच नको असेल, तर मात्र ‘फिक्सएमबीआर’ हाच बरोबर उपाय.

पार्टिशन उडवली नाही, नुसती लहानमोठी केली किंवा मध्ये नवी घातली, तरी क्रमांक बदलून हाच संदेश येऊ शकतो. मग रेस्क्यूच्या पडद्यावर ‘एलएस’ टाइप करून पार्टिशनची यादी बघा, एकेकीत बूट फोल्डर शोधा, सापडलेला पत्ता ‘प्रीफिक्स’ म्हणून सेट करा, ‘नॉर्मल’ मॉड्यूल लोड करा आणि ‘नॉर्मल’ कमांड द्या. ही सोय त्या एका वेळेपुरती असते. लिनक्स उघडल्यावर ग्रब नव्याने इन्स्टॉल करायलाच हवा.

ईएफआय पार्टिशनवर फॉरमॅटची खूण करणं

लिनक्स टाकताना पार्टिशन हाताने निवडत असाल तर ही १०० एमबीची पार्टिशन वापरायला द्या, पण फॉरमॅटच्या चौकटीत टिक करू नका. तिच्यात विंडोजचा लोडर असतो. चूक झालीच असेल तरी विंडोज पुन्हा टाकायची गरज नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्टने (विंडोजचं पार्टिशन हाताळणारं टूल) ईएफआय पार्टिशनला एखादं अक्षर द्या आणि ‘बीसीडीबूट’ने लोडर पुन्हा लिहून घ्या. एक मात्र तपासा: रिकव्हरीत विंडोजची ड्राइव्ह ‘सी’च असेल असं नाही. आधी उघडून बघा, मग कमांड द्या.

बिटलॉकरची की हाताशी नसताना सिक्युअर बूट बंद करणं

ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत अडलं. जुने लिनक्स लोडर बाद करणारा नियम त्या अपडेटने लागू केला होता. सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचा लोडर चालू देणारी सोय) तात्पुरतं बंद करून लिनक्स अद्ययावत करणं हा मार्ग ठीकच आहे. पण सिक्युअर बूट बदललं की बिटलॉकर (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करणारी, म्हणजे कुलूपबंद ठेवणारी सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती नसेल तर डेटा खरोखरच हाती लागत नाही. या लेखातली मला सगळ्यात गंभीर वाटणारी चूक हीच. विंडोज ११च्या होम आवृत्तीतही एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. की साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आत्ताच शोधून कागदावर उतरवून ठेवा.

ग्रबच्या यादीत विंडोज नाही म्हणजे विंडोज गेलं, असं समजणं

ग्रब २.०६पासून इतर सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या डीफॉल्ट फायलीत ‘डिसेबल ओएस प्रोबर’च्या ओळीत ‘फॉल्स’ लिहा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

एफएसटॅब विसरणं

ग्रब दिसतो, लिनक्स निवडलं जातं, मग दीड मिनिट नुसतं थांबून ‘इमर्जन्सी मोड’ येतो. इथे बूट लोडरचा काहीच दोष नसतो. सामायिक डेटाची एखादी पार्टिशन विंडोजमधून फॉरमॅट केली की तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, आणि लिनक्स ९० सेकंद जुन्या क्रमांकाची वाट बघत बसतं. रूटचा पासवर्ड देऊन किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरून एफएसटॅब (सुरू होताना कोणत्या पार्टिशन जोडायच्या त्याची लिनक्समधली यादी) उघडा, ‘बीएलकेआयडी’ने दिसणारा नवा क्रमांक तिथे घाला आणि त्या ओळीत ‘नोफेल’ जोडा. पुढे ती पार्टिशन सापडली नाही तरी लिनक्स तिच्याविना सुरू होईल.