बुजरं पिल्लू दत्तक घेताना

कुत्र्याचं बुजरं पिल्लू घरी आलं की सगळं घर प्रेमाने त्याच्याभोवती गोळा होतं, आणि नेमकं तेच त्याला सोसत नाही. किती जवळ यायचं हे पिल्लाने ठरवायचं, आपण नाही. एवढं पाळलं तर पुढचं शिकवणं सोपं जातं.

आणण्याआधी सांभाळणाऱ्यांकडून चार गोष्टी विचारून घ्या: वय, लसी आणि जंताच्या औषधाच्या तारखा, सध्याचं खाणं, आणि ते कशाला बिचकतं. खाणं पहिले काही दिवस तेच ठेवा आणि मग आठवडाभरात हळूहळू बदला, नाहीतर पोट बिघडतं. वय विचारायचं कारण असं की साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या काळात पिल्लू जगाची ओळख सहज करून घेतं. तो काळ माणसांविना गेला असेल, तर तीच ओळख पुढे करून देता येते, पण वेळ लागतो.

घरात वर्दळीपासून दूर एक कोपरा त्याचा. तिथे तीन बाजूंनी झाकलेला, दार उघडं ठेवलेला पिंजरा किंवा आडवं खोकं, अंथरूण आणि पाणी ठेवा. आत हात घालून त्याला कधीही बाहेर ओढू नका. पहिले दोन-तीन दिवस पाहुणे नकोत, अंघोळही नको. तुम्ही त्याच्याकडे पाठ किंवा बाजू करून जमिनीवर बसा, नजर रोखू नका आणि वाटाण्याएवढा खाऊ त्याच्या दिशेने टाका.

इथे एक बारकावा आहे. खाऊ तळहातावर धरून पिल्लाला जवळ बोलावलं, तर भुकेपोटी ते येतं आणि खाऊ संपताच आपण भलतंच जवळ आलो हे त्याच्या ध्यानात येतं. मग ते दचकून पळतं, क्वचित चावतंही. म्हणून खाऊ त्याच्या मागे टाका. ते मागे जाऊन खातं, पुन्हा आपणहून पुढे येतं, आणि दर वेळी थोडं अधिक जवळ. हात लावायचा तो छातीला किंवा खांद्याला, डोक्यावरून नाही. तीन सेकंद कुरवाळून थांबा. पुढे सरकलं तर त्याला हवं आहे, मान वळवली तर नको आहे.

भीती ओळखायला शिका. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, पोटाखाली शेपूट, आणि अगदी गोठून उभं राहणं. गोठलेलं पिल्लू 'शहाणं' वाटतं, म्हणून ही खूण सर्वांत जास्त निसटते. आवडता खाऊही ते घेत नसेल तर भीतीची गोष्ट फार जवळ आहे. अंतर वाढवा.

एखाद्या आवाजाची सवय करायची तर क्रम महत्त्वाचा: आधी मिक्सरचा आवाज, दूरच्या खोलीतून, आणि लगेच मागोमाग खाऊ. उलट केलंत तर खाऊ दिसला की पिल्लू घाबरू लागतं. नाव, 'ये', 'बस' हे दोन-तीन मिनिटांच्या धड्यांत, दिवसातून चार-पाच वेळा शिकवा. शू-शीसाठी लहान पिल्लाला दर दोन तासांनी, शिवाय झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर बाहेर न्या. घरात झालं तर गुपचूप पुसा. ओरडलात तर ते तुमच्यासमोर शू करायचं टाळून सोफ्यामागे करायला शिकतं.

बाहेर नेताना मात्र हयगय नको. बिथरलेलं पिल्लू मागे सरकून पट्ट्यातून मान सहज सोडवतं. छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा या दोन्हींना दोरी हवी. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत, अनोळखी कुत्रे फिरतात अशा जागी त्याला जमिनीवर सोडू नका. पण म्हणून कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन जग दाखवा.

गुरगुरलं तर रागावू नका. तो इशारा आहे. तो दाबला की पुढच्या वेळी इशारा न देता चावा येतो. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत बरीच पिल्लं पुन्हा बिचकू लागतात, शिकलेलं विसरल्यासारखं करतात. तेव्हा हिंमत न हरता अंतर पुन्हा वाढवा आणि सोप्या धड्यापासून सुरुवात करा. महिनाभर प्रयत्न करूनही पिल्लू लपूनच राहत असेल, तर पशुवैद्याकडून आधी दुखणं तपासून घ्या आणि मारझोड न करणाऱ्या प्रशिक्षकाची मदत घ्या.