फ्लाइट रिव्ह्यूचे दोन तास सत्कारणी कसे लावावेत

अमेरिकेत प्रमुख वैमानिक म्हणून विमान उडवायचे असेल, तर मागील २४ कॅलेंडर महिन्यांत फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे प्रशिक्षकासोबतची ठरावीक काळाने होणारी उजळणी, झालेला असावा लागतो. तिथल्या हवाई नियमावलीतील नियम ६१.५६ त्यासाठी किमान एक तास जमिनीवरील चर्चा आणि एक तास प्रशिक्षकासोबतचे उड्डाण मागतो. चर्चेत त्याच नियमावलीच्या भाग ९१ मधील उड्डाण नियमांची उजळणी बंधनकारक आहे; हवेत कोणता सराव घ्यायचा, हे मात्र प्रशिक्षकाच्या निर्णयावर सोडलेले आहे. या मोकळिकीचा उपयोग न करताच अनेक वैमानिक केवळ लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) स्वाक्षरी घेऊन परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तयारीची सुरुवात स्वतःच्या लॉगबुकापासून करावी. जोरदार आडव्या वाऱ्यात आपण शेवटचे कधी उतरलो, आखूड धावपट्टी किंवा पूर्ण भरलेले विमान शेवटचे कधी हाताळले, हे पाहावे आणि जे आपण टाळत आलो आहोत ते प्रशिक्षकाला आधीच लिहून कळवावे. कमतरता लपवून काहीच साधत नाही, कारण ही परीक्षा नव्हे. काम समाधानकारक झाले नाही, तर लॉगबुकात नापास असा शेरा येत नाही, केवळ प्रशिक्षण घेतल्याची नोंद होते. म्हणूनच मुदतीच्या एक-दोन महिने आधी रिव्ह्यू घ्यावा. मार्च २०२४ मध्ये झालेला रिव्ह्यू ३१ मार्च २०२६ पर्यंत चालतो. नवा जानेवारीत घेतला आणि आणखी सराव लागला, तरी जुन्याच्या आधारे उड्डाण सुरू ठेवता येते.

हवेत सर्वाधिक वेळ जमिनीजवळच्या चुकांना द्यावा, असे माझे ठाम मत आहे. उंचीवर, पंख समतल ठेवून केलेला स्टॉल (पंखांची उचल अचानक घटण्याची स्थिती) बहुतेकांना जमतो. धोका असतो तो धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी घेतलेल्या शेवटच्या वळणात: मागून येणारा वारा विमानाला रेषेपलीकडे ढकलतो, वैमानिक वळणाच्या आतल्या बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीचे पाते) जास्त दाबतो आणि वाढणारा झोल, म्हणजे विमानाचा एका बाजूला होणारा कल, उलट्या एलेरॉनने (कल बदलणाऱ्या पंखांवरील पात्यांनी) रोखतो. अशा स्थितीत स्टॉल झाला, तर विमान गिरकी घेऊ शकते आणि सावरण्याइतकी उंची हाताशी नसते. ही साखळी कशी सुरू होते, ते सुरक्षित उंचीवर, विमानाच्या मर्यादेत राहून प्रशिक्षकाकडून पाहून घ्यावे. उंची कायम ठेवून ६० अंश झोलात वळताना पंखांवरील भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो, हे तेव्हा नुसत्या आकड्यापुरते उरत नाही.

तसेच, उतरतानाच्या अगदी शेवटच्या क्षणी, पूर्वसूचना न देता गो-अराउंडचा (उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचा) आदेश द्यावा, अशी विनंती प्रशिक्षकाला करावी. उतरण्यासाठी ट्रिम केलेल्या (हाताने दाब न देता त्या वेगाला स्थिर राहील असे लावलेल्या) विमानाला पूर्ण शक्ती दिली, की नाक झपाट्याने वर जाऊ लागते आणि नेहमीच्या एक-इंजिनी विमानात डावीकडे वळते. योक (हातातील नियंत्रण चाक) पुढे रेटणे, उजवा रडर देणे आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेची खाली सोडलेली पाती) टप्प्याटप्प्याने मिटणे हे विचार न करता घडले पाहिजे.

प्रवासी नेण्यासाठी ९० दिवसांत तीन टेकऑफ व तीन अवतरणे लागतात, ती अट वेगळी आहे आणि तिचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवावा.

उतरल्यावर, स्वाक्षरी घेण्याआधी, कोणत्या दोन गोष्टी कच्च्या राहिल्या हे प्रशिक्षकाला स्पष्टपणे विचारावे आणि त्यांच्या सरावासाठी पुढील उड्डाणाची तारीख तिथेच ठरवावी.