थेंबरूप संघननाचे संगणकीय प्रारूप कसे उभारावे

थंड पृष्ठभागावर वाफेचे थेंब कसे धरतात हे संगणकावर पाहायचे असेल, तर आधी टिकू शकणाऱ्या सर्वांत लहान थेंबाची त्रिज्या काढावी. 100 अंश सेल्सिअसच्या वाफेपेक्षा पृष्ठभाग 1 अंशाने थंड असल्यास ती सुमारे 20 नॅनोमीटर येते. या आकाराची बीजे यादृच्छिक जागी पेरून प्रत्येक कालपायरीला त्यांची वाढ मोजावी. खरी कसोटी विलीनीकरणात लागते: स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) समान असलेले दोन थेंब भिडले की त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेचे घनमूळ घ्यावे, नवा थेंब वस्तुमानकेंद्रावर ठेवावा आणि मोकळ्या झालेल्या जागेत न विसरता पुन्हा बीजे पेरावीत, कारण उष्णतेचे बहुतांश वहन या बारीक थेंबांतूनच होते. उभ्या पृष्ठभागावरून घसरणारा मोठा थेंब वाटेतले थेंब सोबत नेतो, तेही प्रारूपात यावे.