रिव्हर्स स्प्लिट झालेल्या पेनी शेअरमधला लॉस कसा भरून काढायचा

निपाणी, चिकोडीकडं उसाचं बिल जमा झालं की कुणीतरी ग्रुपवर दोन-चार रुपयांच्या पेनी शेअरची टिप टाकतंयच, आणि मग वर्षभरानं तोच माणूस विचारतोय की माझे १०,००० शेअर होते ते १,००० कसे झाले वो, बाकीचे कुठं गेले?

तर आधी हिशोब लावा. तुम्ही ४ रुपयांनी १०,००० शेअर घेतले, म्हणजे ४०,००० गेले. भाव ८० पैशांवर आला तेव्हा ८,००० उरले होते. कंपनीनं रिव्हर्स स्प्लिट केला, म्हणजे १० शेअरचा १ केला, की १,००० शेअर आणि भाव साधारण ८ रुपये, रक्कम तीच ८,०००. म्हणजे लॉस स्प्लिटनं झालेला नाही, तो आधीच झाला होता. तुमचा नवा ॲव्हरेज, म्हणजे सरासरी खरेदी भाव, ४० रुपये. पण बऱ्याच वेळा ॲपमध्ये जुना ४ चाच ॲव्हरेज राहतो आणि हिरव्या अक्षरात ४,००० चा प्रॉफिट दिसतो, त्याला भुलू नका, ब्रोकरला मेल टाकून दुरुस्त करून घ्या. आयएसआयएन, म्हणजे शेअरचा ओळख नंबर, बदलतो म्हणून काही दिवस शेअर खात्यात दिसतच नाहीत, तेव्हा घाबरायचं कारण नाही. १०,००७ शेअर असतील तर वरच्या ७ चा पूर्ण शेअर होत नाही, असे तुकडे सहसा एकत्र करून विकतात आणि पैसे बँकेत येतात. नाही आले तर कंपनीच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला लिहा, तिथंही दाद नाही लागली तर शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. भाव पडला म्हणून मात्र तिथं तक्रार चालत नाही.

आता खरा प्रश्न, ठेवायचा की विकायचा. ८ चे ४० व्हायला भाव पाचपट पाहिजे. अजून १,००० घेऊन ॲव्हरेज २४ केला तरी तिप्पट पाहिजेच, आणि त्यात नवे ८,००० अडकले ते वेगळेच. सौहार्द सहकारी संस्थेतून कर्ज काढून ॲव्हरेज करणारे पण आहेत, मला तरी ते पटत नाही. बीएसईच्या साइटवर कंपनीचं पान उघडा, प्रमोटरचा, म्हणजे कंपनीच्या मालक मंडळींचा, हिस्सा किती, त्यातला गहाण किती, ऑडिटरनं काय शेरा मारलाय, विक्री खरंच होतेय का एवढं बघा. सिटीग्रुपनं २०११ मध्ये १० चा १ केला होता, पण ती मोठी बँक होती, धंदा चालू होता. तुमच्या कंपनीला धंदाच नसेल तर आशा कशाची?

विकायचं ठरलं तर शेअर ट्रेड टू ट्रेड गटात आहे का बघा, तिथं इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, चालत नाही. रोज लोअर सर्किट, म्हणजे भाव एका दिवसात पडायची मर्यादा, लागत असेल तर सकाळी लवकर सर्किटच्याच भावाला ऑर्डर लावा, आणि एका दिवसात नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी परत लावा.

खरी वसुली टॅक्समध्ये आहे. विकल्यावर ३२,००० चा लॉस बुक होतो. १२ महिन्यांच्या आतला असेल तर तो शॉर्ट टर्म, आणि तो शेअर, म्युच्युअल फंड, अगदी बेळगावातला प्लॉट विकून झालेल्या नफ्यातून पण वजा होतो. लाँग टर्म लॉस फक्त लाँग टर्म नफ्यातून. तारीख मूळ खरेदीची धरायची, स्प्लिटची नाही. शेअरच्या शॉर्ट टर्म नफ्यावर २० टक्के टॅक्स आहे, म्हणजे तेवढा नफा दुसरीकडं असेल तर ६,४०० वाचले, वर सेस. पगार, दुकान, एफडीचं व्याज यातून हा लॉस वजा होत नाही. यंदा नफाच नसेल तर ८ वर्षं पुढं नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलेलं पाहिजे, एक दिवस उशीर झाला तरी तो हक्क जातो, आणि फॉर्म साधा एक नंबरचा चालत नाही, आयटीआर-२ लागतो, धंदा असेल तर ३. सीएकडं जाताना जुनी काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरची खरेदीची पावती) आणि कंपनीच्या स्प्लिटची नोटीस घेऊन जा, नाहीतर तो पण ४ चाच भाव धरून बसेल.

आणि एक, "तुमचा लॉस रिकव्हर करून देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर कट करा. पैसे पाठवून झाले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावा.