सेंद्रिय गटाचं अनुदान अडतं कुठे? या चुका टाळा

सेंद्रिय शेती करणाऱ्या शेतकरी गटांसाठीच्या परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांत हेक्टरी 31,500 रुपये धरलेले आहेत. त्यातले शेतकऱ्याच्या खात्यात थेट येतात ते 15,000. बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण, नमुना तपासणी, पॅकिंग आणि विक्री यांवर खर्च होतात. गटप्रमुखाने हे आकडे पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहावेत, नाहीतर ‘साडेसोळा हजार कुणी खाल्ले’ हा वाद दुसऱ्या वर्षी हमखास उभा राहतो आणि बरा चाललेला गट फुटतो. एका शेतकऱ्याला दोन हेक्टरांपर्यंतच लाभ मिळतो, हेही तेव्हाच सांगून टाकावं.

एकर-गुंठे आणि हेक्टर-आर

सगळ्यात जास्त फाइली या एका घोळाने परत येतात, आणि तरी दर हंगामात तोच घोळ. शेतकरी तोंडाने सांगतो, ‘एक एकर वीस गुंठे’. यादी लिहिणारा लिहितो 1.20. सातबाऱ्यावर मात्र 1.20 म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. एक एकर वीस गुंठ्यांचे होतात साधारण 0.61 हेक्टर. कागदावर जमीन एका फटक्यात दुप्पट झाली.

एका गटाच्या यादीत असंच झालं होतं. वीस हेक्टरांचा गट हवा, म्हणून प्रत्येकाने सांगितलेला आकडा तसाच लिहिला आणि कॅल्क्युलेटरवर बेरीज मारली. 1.20 आणि 1.30 मिळून 2.50 धरले, खरं तर ते तीन एकर दहा गुंठे. अशी बेरीज वीसच्या वर गेली आणि सगळे खूश. पडताळणीत सातबारे समोर ठेवल्यावर दहा हेक्टरसुद्धा भरेना. यादी परत आली. भरतीसाठी शेजारच्या वाडीतले शेतकरी घाईघाईने घेतले, तोवर खरिपाच्या पेरण्या झाल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांनी डीएपी हे रासायनिक खत पेरून टाकलं होतं. त्यांचं रूपांतरणाचं (रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याचं) वर्ष पुढच्या हंगामापासून मोजावं लागलं. एकाच गटात दोन तारखा आल्या की प्रमाणपत्राचा, नमुन्यांचा, विक्रीचा सगळाच हिशेब दुहेरी होतो.

उपाय अगदी साधा आहे. क्षेत्र तोंडी घेऊच नका. चालू हंगामाचा डिजिटल सातबारा आणि आठ-अ हातात आल्याशिवाय यादीत नाव चढवू नका. यादीत ‘हेक्टर’ आणि ‘आर’ असे दोन वेगळे रकाने आखा, मधला टिंब काढूनच टाका. शेतकऱ्याला समजावं म्हणून तिसऱ्या रकान्यात एकर-गुंठे लिहा, पण त्याची बेरीज करू नका. 100 आर म्हणजे एक हेक्टर, आणि 40 आर म्हणजे एक एकर धरलं तरी कामापुरतं चालतं. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वजा करायचा. सामाईक खातं असेल तर सातबाऱ्यावरचं पूर्ण क्षेत्र एकाच भावाच्या नावाने दाखवायचं नाही. त्याच्या हिश्शाचं घ्यायचं आणि बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र जोडायचं. आता राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान आलंय, त्यात प्रोत्साहन एकरी 4,000 रुपये वर्षाला, दोन वर्षं, तेही एका एकरापुरतं. एका योजनेत हेक्टर, दुसरीत एकर. जुन्या योजनेची यादी नव्या फॉर्मवर उतरवून काढणाऱ्यांनी हे जरा डोळे उघडून वाचावं.

एका रात्रीत भरलेली नोंदवही

पीजीएस म्हणजे सहभागी हमी पद्धतीच्या सेंद्रिय प्रमाणीकरणात बाहेरचा निरीक्षक नसतो, शेतकरीच एकमेकांची शेतं पाहतात. म्हणून ही पद्धत स्वस्त आहे आणि म्हणूनच ती सगळी नोंदींवर उभी आहे. तरीही पाहणीच्या आदल्या रात्री एक हुशार पोरगा बसवून वीस जणांच्या वह्या भरून घेण्याची प्रथा काही जात नाही. एक पेन, एक अक्षर, सगळ्यांनी शेण-गोमूत्राचं जीवामृत एकाच तारखेला दिलेलं.

अशी वही वाचणाऱ्याला फार हुशार असावं लागत नाही. तुरीवर दशपर्णी अर्काची (झाडपाल्याच्या कीडनाशकाची) फवारणी 20 फेब्रुवारीला लिहिलेली असते आणि चार पानं पुढे त्याच तुरीची मळणी जानेवारीत झालेली असते. ज्याच्याकडे एकही जनावर नाही, त्याच्या नावावर घरचं शेणखत तीन ट्रॉल्या. ज्या दिवशी सही करणारे तिघे शेतं पाहत होते, त्याच दिवशी तेच तिघे तालुक्याच्या प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर. असं एक पान सापडलं की बाकीची खरी पानंही संशयात जातात, आणि ते योग्यच आहे.

वही शेतकऱ्याच्या घरातच ठेवा, गटप्रमुखाच्या कपाटात नको. रोज लिहा असं सांगून कुणी लिहीत नाही. ज्या दिवशी काम होईल त्या रात्री चारच गोष्टी लिहायच्या: तारीख, जमिनीचा गट नंबर, काय दिलं, किती दिलं. ‘जीवामृत दिलं’ एवढं पुरत नाही. 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, 200 लिटर पाणी, एका एकराला, असं लिहिलं की खरं-खोटं आपोआप कळतं. गाय नसेल तर शेण कुणाकडून आणलं तेही लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या घरातल्या शाळकरी मुलीला हे काम द्या, ती गटप्रमुखापेक्षा नेटकं लिहिते. पाहणीला किमान तिघे जावेत, त्यांतल्या एकाला तरी नीट लिहिता-वाचता यावं, आणि तू माझं बघ मी तुझं बघतो अशी जोडी लावू नये.

बियाणं

बीटी कापूस लावून सेंद्रिय गटात बसता येत नाही. जनुकीय बदल केलेलं बियाणं सेंद्रियात चालत नाही, मग वरून कितीही जीवामृत ओता. विदर्भ-मराठवाड्यात यावर दरवर्षी वाद घालणारे भेटतात. देशी किंवा सरळ वाणाचं बियाणं मिळवता येत नसेल तर तो तुकडा गटाच्या क्षेत्रातून वगळा. सोयाबीनचं बियाणं घरचं ठेवा, उगवणक्षमता शंभर दाण्यांवर तपासा; विकतच्या पिशवीवर बुरशीनाशकाची प्रक्रिया छापलेली असते, ती वाचायचे कष्ट घ्या.

युरिया अनुदानित असल्याने दुकानातल्या पॉस (विक्री नोंदीच्या) मशीनवर आधारचा अंगठा लागतो आणि खरेदी त्याच नावावर नोंदली जाते. त्यामुळे मेहुण्याच्या उसासाठी गटातल्या माणसाने अंगठा देऊ नये.

खातं

‘माझं आधार बँकेला लिंक आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे डीबीटीचं सीडिंग (अनुदान थेट खात्यात येण्यासाठीची आधार जोडणी) झालं असं नाही. पैसे त्या बँकेत जातात जिथे आधार सर्वांत शेवटी सीड झालं, आणि ते बरेचदा विसरलेलं जनधन खातं निघतं. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते; यादी पाठवण्याआधी प्रत्येकाची पाहून घ्या. सेवा केंद्रवाला ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्याला पावतीच्या पैशांपुरतंच मतलब असतं.

सातबाऱ्यावर ‘पांडू’ आणि आधारवर ‘पांडुरंग’ असेल तर आताच निस्तरा. महाराष्ट्रात 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि नावं जुळली नाहीत की गाडी तिथेच अडते. सातबाऱ्यावरची लेखनातली चूक असेल तर कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वडील वारले असतील तर आधी वारस नोंद, मग योजना. उलटा क्रम लावून कुणाचंही भलं झालेलं नाही.

उरलेलं

फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की आतली जागेची माहिती निघून जाते.

बिलावर दुकानाचा परवाना क्रमांक आणि मालाचं नाव हवं. बिनलेबलच्या बाटलीतलं ‘सेंद्रिय टॉनिक’ घेऊ नका, त्यात काय घातलंय ते प्रयोगशाळेच्या अहवालातच कळतं.

तणनाशकाचा पंप गटाच्या शेतात आणू नका. धुतलाय म्हणाले तरी नाही.

पीजीएस-ग्रीन म्हणजे रूपांतरणाच्या काळातलं प्रमाणपत्र; त्यावर ऑरगॅनिकचं पाकीट छापू नका.

आणि माल युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरू नका. तीन वर्षं सांभाळलेली तूर शेवटच्या दिवशी त्याच पोत्यात घातलेली दिसते, वर शिवणही नीट घातलेली असते. नवी ताग गोणी घ्या, त्यावर गटाचं नाव आणि शेतकऱ्याच्या जमिनीचा गट नंबर मार्करने लिहा, आणि तपासणीचा नमुना गोणी शिवायच्या आधी काढा.