हात बधिर होतो? कोणती बोटं, ते आधी बघा

द्राक्षाची गोडी छाटणी उरकत आली की निफाड-दिंडोरीकडची माणसं माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात आणि सांगतात, "मॅडम, सगळा हात बधिर होतो." सगळा हात सहसा होत नाही. म्हणून मी आधी पेन देते: मुंग्या येतात तेवढाच भाग रंगवा. हे घरी करायचं तर रात्री मुंग्यांनी जाग येते तेव्हाच करा. सकाळपर्यंत नीट आठवत नाही.

मानेच्या मणक्यांमधून निघालेल्या नसा काखेपर्यंत एकमेकींत गुंफतात आणि पुढे फांद्या होऊन हातात उतरतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची त्याच बाजूची अर्धी कड रंगली, तर मीडियन नस बघायची. करंगळी आणि अनामिकेची उरलेली कड असेल तर अल्नर. पंजाची मागची, अंगठ्याकडची बाजू रेडियलची; ती जोरात दबली तर मनगटच वर उचलत नाही.

छाटणीवाल्यांत मला मीडियनच जास्त दिसते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि ही नस जाते. दिवसभर कात्री दाबून कंडरांवरचं आवरण सुजलं की नसेला जागा उरत नाही. दोन्ही पंजांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं खाली सोडून ६० सेकंद थांबा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. अंगठ्याखालचा उंचवटाही दुसऱ्या हाताशी ताडून बघा. तिथल्या त्वचेची फांदी बोगद्याबाहेरून जाते, त्यामुळे स्पर्श शाबूत असतो, पण आतला स्नायू बसत चाललेला असू शकतो. ही खूण दिसली की थांबू नका, डॉक्टर गाठा.

अल्नरसाठी अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरा, घरातल्या कुणाला ओढायला सांगा. धरून ठेवताना अंगठ्याचं टोक वाकलं तर नस कमजोर आहे. कोपर दुमडून तासन्‌तास फोन धरणं आधी बंद करा.

मीडियनसाठी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा, कात्रीला धार लावून घ्या. तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणून उशीर महागात पडतो. दोन्ही तळपायांनाही मुंग्या असतील तर आधी साखर तपासा. आणि हात अचानक लुळा पडून तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर यातलं काही करत बसू नका. तो मेंदूचा झटका असू शकतो, १०८ लावा.