आगोटीआधी हिशेब, गणपतीनंतर परत

मालवणात सीझनच्या कामाला उतरलात की पहिला प्रश्न येईल, "तू खंयचो?" आणि लगेच दुसरा, "कोणाचो झील?", म्हणजे कोणाचा मुलगा? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याला आपण गप्प होतो. मीही २०११ साली बंदरावर असाच गप्प उभा होतो. सांगोल्याचा माणूस, टँकरच्या रांगेत वाढलेला, समुद्र पहिल्यांदा बघत होतो. इथे आपण सगळे 'घाटावरचे'. राग मानू नका. तीन-चार सीझन त्याच वाडीत परत आलात की 'आमचो घाटावरचो' व्हाल, आणि तेवढ्यावर दुकानात उधारी मिळते.

कामाचं वर्ष इथे जानेवारीपासून मोजत नाहीत. पाऊस ओसरला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, स्नॉर्कलिंग, स्कूबा सुरू होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सगळ्यात स्वच्छ असतं, पर्यटकही तेव्हाच येतात. मार्चपासून काजू आणि आंबा. मे संपत आला की होड्या बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, बोटी वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांखाली झाकून ठेवतात. म्हणजे साधारण आठ महिने काम आणि उरलेले चार तुमचे. मी जूनमध्ये घरी पेरणीला जातो, आषाढीला पंढरपूर जवळच पडतं, तेही होऊन जातं.

पैशाचं आत्ताच सांगतो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. आगोटीच्या आधी, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायच्या दिवसांत, मालकाच्या हातात पैसा नसतो. कौलं शाकारायची, लाकडं भरायची, सुकी मासळी घ्यायची. एका सीझनला माझा अख्खा मे महिना "पुढच्या वर्षी बघू"वर गेला. मालक वाईट नव्हता, पण पुढच्या वर्षी त्याने होडीच विकली. तेव्हापासून मी दर शनिवारी वहीत मांडतो आणि १५ मेच्या आत हिशेब मिटवतो. लाजू नका.

बागेचं काम होडीपेक्षा कठीण आहे, हे कोणी कबूल करत नाही. हापूस घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने उतरवायचा, देठ थोडा ठेवून. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो, डाग पडतो, आणि तो तुमच्या हाताला लागला तर कातडी भाजते. काजूच्या बीच्या टरफलातलं तेल तर त्याहून वाईट. हाताला खोबरेल लावल्याशिवाय बीला हात लावू नका. बागेतले नेपाळी राखवालदार पाहिलेत ना? एका मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, एका चुलीवर सीझन काढतात आणि काम संपलं की गावी जातात. असं राहायचं कसं, ते मी त्यांच्याकडूनच शिकलो. अंगावर जेवढं वाहता येईल तेवढंच सामान.

दोन गोष्टींची भीती बाळगा. एक, फुरसं, छोटा पण विषारी साप. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दगडाखाली, जांभ्या चिऱ्यांच्या ढिगात बसलेलं असतं, हातभरसुद्धा नसतं. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. चावलंच तर चिरफाड नको, दोरी बांधणं नको, सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. दुसरी, माकडताप. २०१६ पासून दोडामार्ग, सावंतवाडीकडे तो दिसला, गोचिडीतून पसरतो, आणि काजूच्या सीझनमध्येच जोर असतो. तिकडच्या बागांत जाणार असाल तर आधी आरोग्य उपकेंद्रात विचारा, पूर्ण बाह्यांचं घाला, संध्याकाळी अंग तपासा. कुठे मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवा.

समुद्राचं गणित मला एका म्हाताऱ्या खलाशाने बोटांवर शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, दिवसा आणि रात्रीही. अंदाजच तो, पण मोबाइलला रेंज नसते तेव्हा पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात खडकावर फोटोला उभे राहू नका. पर्यटकांना आपण हेच ओरडून सांगतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच जाऊन उभे राहतो.

ओळखी कशा होतात म्हणाल, तर रापण. थंडीत सकाळी किनाऱ्यावर जाळं ओढत असतात, तिथे न विचारता दोरीला हात लावा. संपल्यावर वाट्याला मूठभर मासे येतात. मी पहिल्या वर्षी ते नको म्हणालो, सोलापूरकडचा माळकरी घरातला म्हणून. चूक झाली. खात नसलात तरी घ्या आणि घरमालकिणीला द्या.

आता घरी जाण्याचं. सांगोल्याला मी कणकवलीहून फोंडाघाटाने कोल्हापूर, तिथून मिरज असा एसटीनेच जातो. मुंबईकडच्यांसाठी रेल्वे आहे, पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू चालतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीचं त्याच सकाळी संपतं. खरी अडचण वेगळीच आहे. गणपतीत चाकरमानी येतात, तेव्हा तुमची खोली घरमालकाच्या पुतण्याला लागते. त्या आठवड्यात इथे असण्याचा हट्ट धरू नका. खोली आपणहून रिकामी करा, विसर्जनानंतर या.

फक्त ट्रंक ठेवून जा. दरवर्षी मी ती घेऊन निघायचो, एके वर्षी घरातली आजी म्हणाली, "ती हंयसरच रवांदे," इथेच राहू दे. आता आत कडुलिंबाची पानं, तळाला वर्तमानपत्र, आणि ट्रंक दोन चिऱ्यांवर उचललेली. तरी दर सप्टेंबरात चपलांना बुरशी चढलेलीच असते. आजी ती उन्हात टाकते आणि मला सांगते, यंदा तुझ्या चपला उंदराने खाल्ल्या नाहीत.